आतड्याची माया

तपासणी खोली, तळमजला
मंगळवार, १४ तारीख, दुपार

प्रिय धाकटे,

तुला आणि भिंगरीला खूप खूप माया. बाळाला दोन्ही गालांवर पापा. तू बरी असशील असं लिहायची पद्धत आहे, पण तीन दिवस त्या लोखंडी खुर्चीवर बसून कोण बरं असणार? मी ठीक आहे. आमच्याकडे हेही ठीक आहेत, गुडघा सोडून.

तू तिसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर, आणि मधल्या जिन्यावरून हे पत्र चढतंय. कुणाला सांगितलं तर हसतील. पण तू फोन उचलत नाहीस, आणि मी वर आले तर तू खिडकीकडे तोंड करून बसशील हे मला ठाऊक आहे. म्हणून तुझ्या नवऱ्याच्या हातात देतेय. बिचारा पाच महिने आपल्या दोघींमध्ये पोस्टमनसारखा फिरतोय, तेही बिनपगारी.

आधी कामाचं. भिंगरीचं औषध काल दुपारी बदललं. वरच्या डॉक्टरांनी घाईघाईत सांगितलं असेल, म्हणून नीट सांगते. शनिवारी पाळणाघरातल्या अकरा मुलांचे नमुने खाली आले, त्यात एका डबीवर तिचं नाव. दोनदा वाचलं. हात मात्र आपलं काम करत राहिले, तेरा वर्षांची सवय. गुलाबी जेलीच्या बशीवर नमुना पसरला, बशी उबेच्या कपाटात ठेवली. रविवारी सुट्टी असूनही आले. बशीवर बारीक, बिनरंगी ठिपके उठले होते, पाणी शिंपडल्यासारखे. हगवणीचे जंतू असेच दिसतात. अगदी सभ्य. मग ते दुसऱ्या बशीवर दाट पसरून वर पाच औषधांच्या पाच टिकल्या ठेवल्या. जे औषध चालतं त्याच्याभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ रिंगण उमटतं. सोमवारी बघितलं, तर तिला चालू असलेल्या औषधाला ते अजिबात दाद देत नव्हते. टिकलीला खेटून वाढले होते. चौथ्या टिकलीभोवती मात्र हे एवढं रिंगण. रिपोर्ट घेऊन मी स्वतः धावत डॉक्टरांच्या खोलीत गेले. आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, ओरडल्या, "अगं, कागद जातो ना आपोआप वर!" म्हटलं, कागदाला पाय नसतात.

रविवारी तिला तापाचा झटका आला तेव्हा मी खाली बशीपाशीच होते. अर्ध्या तासाने कळलं. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत आले आणि तिथून परत गेले. हे सांगायचं नव्हतं, लिहून गेलं.

आता रागावू नकोस. तुला वाटेल, ताईला हे सुचतंय तरी काय, माझ्या पोरीच्या शीचं कौतुक करतेय. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी तिच्या नमुन्याचा थेंब काचेवर घेतला, निळा रंग दिला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. रोजचंच काम. पण पांढऱ्या पेशी इतक्या, इतक्या की मोजायला बोट ठेवायला जागा नाही. मोठ्या बाईंना बोलावलं. त्यांचं नेहमीचंच. एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर आणि तिसरा शोधत असतात. बराच वेळ डोकावून म्हणाल्या, "पोर लढतेय गं."

तेरा वर्षं मी बशा भरतेय, पण आत काय होतं ते कधी विचारलं नव्हतं. परवा विचारलं. ऐक. हे जंतू दहा-वीस पोटात गेले तरी पुरतात. आतड्याच्या अस्तरात काही पेशी अशा असतात की बाहेरचं थोडं थोडं आत घेऊन पहारेकऱ्यांना दाखवायचं, एवढंच त्यांचं काम. हे नेमके त्याच दारातून शिरतात. पहारेकरी पेशी त्यांना गिळते, तर ते तिलाच आतून मारतात. पण ती मुकाट्याने मरत नाही. फुटते, आणि फुटता फुटता हाकाटी करते. ती हाक ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी हजारोंनी धावतात, अस्तरातून वाट मिळेल तिथून घुसत. त्या गर्दीत भिंतच उसवते. उसवलेल्या जागेतून आणखी जंतू आत जातात, रक्त येतं, आव पडते. तू जे बघून घाबरलीस, त्यातलं अर्धं तिच्या स्वतःच्या सैन्याने केलंय. "आपलंच घर फोडायचं आणि चोर धरायचा," बाई म्हणाल्या, "वेडेपणा आहे. पण धरतात." आणि अस्तराच्या ज्या पेशीत जंतू घुसतो, ती काय करते माहीत आहे? शेजारणींचे हात सोडते आणि जंतूला पोटात घेऊन आपण होऊन गळून पडते. खालून नवी वर येते. चार-पाच दिवसांत सगळं अस्तर नवं कोरं.

भिंगरी वर मलूल पडलीय, साडेचार वर्षांची, तिला नाडीची गाठसुद्धा मारता येत नाही. आणि आत कुणी न शिकवता हे सगळं चाललंय. मी खुर्चीवर बसले आणि बसूनच राहिले.

तिला मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने देत राहा. थुंकली तरी दे. कानात सांग, मावशीच्या ओळखीत न फिरणारी भिंगरी एकही नाही.

घरातल्या सगळ्यांचे नमुने घेतात तसा बाळाचाही आज सकाळी आलाय. बशी भरली आहे, उद्या कळेल. त्याचं दूध इथल्या दूधघरातून वेळेवर येतंय ना? ते बंद करू नकोस. कुणी काही म्हटलं तरी नको.

तुझी
ताई

●

दूधघराबाहेरचं बाक
शुक्रवार, १७ तारीख, जेवणाची सुट्टी

प्रिय धाकटे,

ताप उतरला! मला तुझ्या नवऱ्याने जिन्यावरूनच ओरडून सांगितलं. भिंगरीने त्याच्या शर्टावर पाणी सांडलं आणि वर त्यालाच "नीट धर ना" म्हणाली म्हणे. जीव भांड्यात पडला. आता ती चिडचिड करेल, तुला ओरबाडेल, खायला मागेल आणि दिलं की नको म्हणेल. करू दे. चिडणारं मूल बरं होणारं मूल असतं, असं आमच्या वॉर्डातल्या मावशी म्हणतात.

माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. मी वाटही बघत नव्हते. (बघत होते.) तुझा नवरा म्हणाला, "ताई, तिने दोनदा वाचलं." म्हणून पुन्हा लिहायला बसले. हे पत्र अवघड आहे. मी मध्ये मध्ये भलतंच लिहीन, तू सांभाळून घे.

बाळाच्या बशीवर सात ठिपके उठले. मी दहा वेळा मोजले. सातच. तेच जंतू, भिंगरीच्याच प्रकारचे. पाच महिन्यांचं बाळ गं! दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुना मागवला, दोन ठिपके. कालच्या नमुन्यात एकही नाही. आणि तिन्ही दिवस काचेवर एकही पांढरी पेशी नाही. ताप नाही, जुलाब नाही. तो आपला वर नर्सबाईंच्या खिशातले पेन ओढत होता, तूच बघितलंस. म्हणजे जंतू आले, त्याच्या आतड्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, आणि बाहेर पडले. आत शिरायला त्यांना दार सापडलंच नाही.

मोठ्या बाईंनी बशीवरून मान वर केली. "याला पाजतात काय?"

"दूधघरातलं दूध."

"कुणाचं? विचारून ये."

मला विचारायला जायची गरज नव्हती. बाईंना मी तिथेच सांगितलं, आणि आता तुला एका ओळीत सांगते, नाहीतर जमायचं नाही. बाळ जन्मल्यापासून माझं दूध पितंय.

थांब. फाडू नकोस. पुढे वाच.

तुझ्या बाळंतपणात एवढं रक्त गेलं की तुला दूध आलंच नाही, डॉक्टरांनी दूधघरातून, दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध घ्यायला सांगितलं. तुला वाटत होतं, बाटलीवर नुसता नंबर असतो, कुणा अनोळखी बाईचं असेल. बहुतेक बाळांना तसंच मिळतं. पण नातलगाचं दूध त्याच बाळाला द्यायचं असेल तर वडिलांची सही चालते. दूधघरातल्या बाई आधी ऐकेनात. म्हणाल्या, "आईला न सांगता? मला नाही पटत." मी दोन दिवस त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. तुझ्या नवऱ्याने सही केली तेव्हा तो रडत होता, आणि "तिला मी सांगेन हळूहळू" असं म्हणाला. ते हळूहळू अजून चालूच आहे. त्याच्यावर रागावू नकोस. त्याच्यापुढे तू अशक्त पडलेली, बाळ दोन किलोचं, आणि मी हटून बसलेली. त्याने तरी काय करायचं?

तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. तू बाळाला आपल्याकडे ओढून घेतलंस तो दिवस आठव. मी नुसता हात पुढे केला होता. तू म्हणालीस, "नको ताई, हात नको लावूस. स्वतःच्या लेकीला दिलंस ते माझ्या बाळाला नको."

मी ते वाक्य आजवर कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. पोटात ठेवलं.

आणि त्याच्याखाली आणखी एक गोष्ट ठेवलेली आहे, ती आता काढते. सातव्या महिन्यात मला हगवण लागली, तापाने फणफणले, तिसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. लेक दीड दिवस राहिली. चौकशीच्या कागदावर "संसर्गाचे कारण समजू शकले नाही" असं लिहिलंय. मला समजलेलं आहे. आजारी पडायच्या दोन दिवस आधी, कामावर, सकाळी अकराच्या सुमारास मला भूक लागली. तुला माहीत आहे ती भूक, ती "पाच मिनिटं थांब" ऐकत नाही. "आत खाण्यास सक्त मनाई" ही पाटी आमच्या दारावर आहे. लाल शाईने मीच लिहिलेली, माझं अक्षर बरं म्हणून. मी एका हाताचा हातमोजा काढला आणि टेबलापाशीच, बशा समोर असताना, खिशातलं बिस्किट काढून खाल्लं. अर्धंच. मग लाज वाटून उरलेलं टाकून दिलं.

म्हणजे तू बोललीस ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर मी तिथल्या तिथे भांडले असते, आणि आठ दिवसांत आपण दोघी काहीतरी फालतू गोष्टीवर हसलो असतो. खरं होतं म्हणून मी गप्प बसले. पाच महिने.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी दूध आलं. घ्यायला कुणी नव्हतं, तरी आलं. आटवायच्या गोळ्या दिल्या होत्या. मी उद्या घेते म्हणाले आणि दूधघरात जाऊन बसले. कुणाला तरी उपयोग होईल, एवढंच मनात होतं. तेव्हा तुझं बाळ यायला तीन आठवडे होते. आणि तुझी भीती होती ना, म्हणून सांगते, त्याआधी माझ्या तीन तपासण्या झाल्या, तिन्ही कोऱ्या. मोठ्या बाईंनी स्वतः बघितल्या, मला हातसुद्धा लावू दिला नाही.

आता परवाचं ऐक. हे ऐकण्यासाठी तरी पत्र फाडू नकोस.

बाईंनी माझं थोडं दूध मागितलं. यंत्रात गरगर फिरवून साय वेगळी केली, खालचं निवळ पाणी काचेवर थेंबभर घेतलं. त्यात बाळाच्या बशीवरचे जंतू कालवले. पांढुरका, ढगाळ थेंब. शेजारच्या काचेवर दूधघरातल्या दुसऱ्या एका बाईचं दूध, तेच जंतू, तसाच ढगाळ थेंब. दोन्ही काचा हातात घेऊन हळूहळू डोलवायला लागल्या. मी मनात आकडे मोजत होते. बारापर्यंत काही नाही. पंधराला माझ्या थेंबात कण दिसायला लागले, दूध नासताना दिसतात तसे. विसाला जंतूंचे गोळेच्या गोळे झाले आणि मधलं पाणी आरशासारखं स्वच्छ. दुसरा थेंब होता तसाच.

बाईंनी काच उजेडाकडे धरली. "ओळखलं," म्हणाल्या. "तुझ्या दुधाने त्यांना ओळखलं."

मला वाटलं गंमत करतायत. पण खरंच तसं आहे. माझ्या आतड्यात ते जंतू शिरले तेव्हा तिथल्या काही पेशींनी त्यांचा चेहरा नीट बघून ठेवला. लढाई संपल्यावर त्यांतल्या काही तिथून निघाल्या, रक्तातून फिरत फिरत छातीत येऊन बसल्या. दिवस भरत आलेल्या बाईच्या छातीतून त्यांना बोलावणं जातं म्हणे. आणि तिथे बसून त्या दुधात एक द्रव्य सोडत राहतात, नेमक्या त्याच जंतूला मिठी मारून जखडून ठेवणारं. दुसऱ्या कुणाला नाही, त्यालाच. दूधघरात दूध तापवतात त्यातूनही ते बरंचसं टिकतं. बाळाच्या आतड्यावर त्याचा पातळ लेप बसतो. जंतू आले की लेप त्यांना धरतो, गुंडाळतो, पुढे पाठवून देतो. आरडाओरडा नाही, फोडाफोडी नाही, रक्त नाही. भिंगरीच्या आत युद्ध झालं आणि त्याच घरात बाळाच्या आत फक्त दार लागलेलं होतं.

"एका बाळावरून काही सिद्ध होत नाही हं," बाई म्हणाल्या. "योगायोगही असेल. लिहून ठेव, पण गाजावाजा नको." मग चष्मा काढला, पुसला, तोच पुन्हा पुसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जा, तोंड धुऊन ये."

मी तोंड धुतलं. किती वेळ धुतलं कोण जाणे.

आतडं तुटतं, आतड्याची माया, असं आपण लहानपणापासून ऐकलं. मला ते बोलायची रीत वाटायची. त्या आतड्याला खरंच काही कळतं, ते खरंच कुणाला तरी निरोप धाडतं, हे मला या वयात, काचेवरच्या एका थेंबात बघायला मिळालं.

आता तू ठरव. बाळ तुझं आहे. बंद कर म्हणालीस तर आजच्या बाटल्या दुसऱ्या बाळांना जातील, आणि मी तुला त्याबद्दल कधी शब्दाने बोलणार नाही. तुला न विचारता केलं ही माझी चूक. दूध दिलं ही चूक आहे असं मात्र मला म्हणता येत नाही.

अजून म्हणू देशील तर, तुझी
ताई

●

घर
मंगळवार, २१ तारीख, सकाळ

माझे धाकटे,

काल तू खाली आलीस. दारात उभी राहिलीस, केस विस्कटलेले, पदराला भिंगरीच्या औषधाचा डाग. मला वाटलं आता ऐकायचं. मी ऐकायला तयार होते, खरंच. तू म्हणालीस, "दाखव मला."

तुला पांढरा कोट घालून दिला, तो गुडघ्याच्या खाली येत होता. बाईंनी दोन काचा तयार केल्या आणि तुझ्याच हातात दिल्या. डोलवायचं काम तुला शिकवावं लागलं नाही, पाळण्याची सवय. गोळे धरायला लागले तेव्हा तू श्वास रोखून धरलास. मी काचेकडे बघतच नव्हते. मी तुझ्याकडे बघत होते. तुझं तोंड उघडं राहिलं होतं, लहानपणी पहिल्यांदा चुंबक बघितलास तेव्हा राहिलं होतं तसं.

"हे त्यांना शिकवलं कुणी?" तू बाईंना विचारलंस.

"तेच तर," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं हेच विचारतेय मी."

मग बाई मुद्दाम बाहेर गेल्या. तू म्हणालीस, "मी तेव्हा बोलले ते..." आणि पुढे तुला बोलता येईना. नको बोलूस. मला लिहितानासुद्धा किती पानं लागली बघ. पण अर्ध्या बिस्किटाबद्दल तू जे म्हणालीस, "ताई, मीही खाल्लं असतं," त्यावर मी रात्रभर नीट झोपले. कितीतरी महिन्यांनी.

आणि जाता जाता तू आणखी एक विचारलंस. "तिला तू काय म्हणायचीस गं?" कुणीच विचारलं नव्हतं. सगळे "ते झालं ते", "त्या वेळी" असंच म्हणतात. चांगल्या मनाने म्हणतात. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तू वाट बघितलीस, पण वरून भिंगरीच्या घरी जायच्या कागदांसाठी बोलावणं आलं. तू म्हणालीस, "दुपारच्या बाटल्या उद्यापासून मी न्यायला येईन," आणि गेलीस. म्हणून हे उत्तर लिहून पाठवतेय. हे शेवटचं पोस्टमनच्या हातून, त्याला सांग, तुझी नोकरी संपली.

मी तिला चुळबुळी म्हणायचे. क्षणभर स्वस्थ बसायची नाही. बशा भरताना, बसमध्ये, जेवताना, आतून सारखी चुळबुळ. ह्यांनी तर पोटाला कान लावून एकदा तिला दम दिला होता, "शांत बस, आई दमलीय." तिने लाथ मारली. हे अजून तो गाल चोळतात.

धाकटे, मी काल घरी आल्यावर विचार करत बसले. माझ्या आतड्याला कळलं की शत्रू आलाय, आणि त्याला हेही ठाऊक होतं की बाळ यायचंय. म्हणून त्याने सगळी तयारी केली. चेहरा लक्षात ठेवला, पेशी धाडल्या, दुधात पहारा बसवला. ते सगळं तिच्यासाठी केलेलं होतं. ती आली आणि गेली, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. ते करत राहिलं. मी हातपाय गाळून बसले होते, जेवत नव्हते, आरशात बघत नव्हते, आणि माझ्याच आत, मला न विचारता, कुणीतरी रोज तिच्यासाठी करत राहिलं. मी अगदी लहान होऊन गेलेय.

तुझा राजा तिच्या वाटचं पितोय. पोटभर पिऊ दे. मोठा झाला की त्याला सांगू, तुला एक मावसबहीण होती, तिने तुझ्यासाठी ठेवलं होतं. विश्वास ठेवणार नाही. आपणच कुठे ठेवला असता?

दुपारी ये. मी दूधघरात असेन. भिंगरीला आणायची तर आण, तिला मायक्रोस्कोपमध्ये साखरेचा दाणा दाखवीन.

तुझी ताई,
आणि चुळबुळीची आई